त्रसरेणूची कुळकथा

उन्हाळा लागला की संकेश्वरात कांडपावर वर्षाच्या चटणीसाठी रांग लागते. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा आत उतरतो आणि त्यात जवारी मिरचीची तांबूस पूड तरंगताना दिसते. एरवी ती नुसती घशाला कळते. कवडशात एखादा कण धरून बघावा: वर चढतो, थबकतो, आडवा जातो, सावलीत शिरून दिसेनासा होतो.

या कणाला आपल्याकडे फार जुनं नाव आहे, त्रसरेणू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांची मोजणी त्याच्यापासूनच सुरू होते. जाळीतून आलेल्या उन्हात दिसणारी बारीक धूळ हे पहिलं माप. 8 त्रसरेणूंची 1 लिक्षा, 3 लिक्षांची 1 राई, असं चढत चढत ते गुंजेपर्यंत जातं. हिशेब केला तर एका गुंजेत 1296 त्रसरेणू बसतात. न्याय-वैशेषिक दर्शनकारांनी त्रसरेणूचीही फोड केली: दोन परमाणूंचं एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा एक त्रसरेणू. 'त्रस्' म्हणजे थरथरणं, भिणं. आपला रोजचा 'त्रास' त्याच धातूचा. आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात जैन वस्ती मोठी, आणि तिथल्या पाठशाळेत जाणाऱ्या पोराला त्रस जीव म्हणजे हलणारे आणि स्थावर म्हणजे जागेवरचे, हे पाठ असतं. म्हणजे हालचाल या कणाच्या नावातच आहे.

मात्र कवडशातला हा नाच मुख्यतः हवेच्या झुळकांचा असतो. रोमन कवी लुक्रेशियसने असल्याच धुळीकडे बोट दाखवून अणूंच्या न दिसणाऱ्या धडपडीची कल्पना मांडली. कल्पना खरी निघाली, पण साक्षीदार चुकीचा होता.

खरा साक्षीदार 1827 मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. परागकण हलत होते असं सर्रास सांगतात, ते बरोबर नाही. परागकणांच्या आतून पाण्यात आलेले अतिसूक्ष्म कण थरथरत होते. त्यांच्यात जीव असेल म्हणून ब्राउनने काचेची पूड घेतली, दगडाची घेतली, इजिप्तच्या स्फिंक्सचा तुकडासुद्धा कुटून पाहिला. सगळेच थरथरले. जीव असल्याची शंका तिथेच मिटली. माझ्या मते या कुळातला सगळ्यांत प्रामाणिक प्रयोग हाच.

हलवतं कोण, हे 1905 मध्ये आइन्स्टाइनने गणिताने सांगितलं. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात, ते कधीच नेमके सारखे पडत नाहीत, म्हणून कण भरकटतो. त्या भरकटण्याला नियम आहे: वेळ चौपट दिला तर सरासरी अंतर दुप्पटच पडतं. पॅरिसमध्ये झां पेरँने दर 30 सेकंदांनी कणाची जागा टिपून हे ताडून पाहिलं आणि अणू खरेच असतात हे शंकेखोरांनाही मान्य करावं लागलं. त्याला 1926 चं नोबेल मिळालं. पेरँने वापरलेले कण गॅम्बोज नावाच्या पिवळ्या डिंकाचे होते. तो डिंक गार्सिनिया कुळातल्या झाडाचा, म्हणजे आपल्या कोकमाच्या भाऊबंदाचा.

इथवरच्या कथेत प्रत्येक कण एकलकोंडा आहे. त्याला धक्का मिळतो तो लगतच्या रेणूंचा, दूरच्या कणाची त्याला खबर नसते. पण प्रत्येक कण बाकीच्या सगळ्यांना ओढू लागला तर? 10 कणांत 45 जोड्या होतात, 100 कणांत 4950. कण दसपट, जोड्या एकशेदहा पट. घागरीतलं पाणी दोन भांड्यांत निम्मं-निम्मं केलं की उष्णताही निम्मी-निम्मी होते. एकमेकांना ओढणाऱ्या या कणांचं गाव मात्र असं वाटून देता येत नाही.

असं गाव आकाशात आहे. 1943 मध्ये खगोलभौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखरांनी ताऱ्यांनाच ब्राउनचे कण मानलं. इतर ताऱ्यांच्या कमीजास्त ओढीने तारा हेलकावतो, आणि तो पुढे गेला की मागे जमणारी गर्दी त्याला मागे खेचते. हे घर्षण नसतं तर ताऱ्यांचे वेग वाढतच गेले असते. पुढे 1990 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या थानू पद्मनाभन यांनी अशा गुरुत्वाने बांधलेल्या समूहांच्या सांख्यिकीचा मोठा आढावा लिहिला. तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. पद्मनाभन केरळचे, नंतर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आले. त्यांचे गुरू जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूरचा.

अशा समूहांच्या सांख्यिकीतली एक गोष्ट ऐकणाऱ्याला चक्रावून टाकते. तारकापुंजातून ऊर्जा निघून गेली की त्याचा गाभा थंड होण्याऐवजी तापतो. खालच्या कक्षेतल्या उपग्रहाचं उदाहरण घ्या. विरळ हवेच्या घर्षणाने त्याची ऊर्जा जाते, तो खाली सरकतो, आणि त्याचा वेग वाढतो. गाभ्यातल्या ताऱ्यांचंही तेच. एरवी कण लाखांनी असले की किरकोळ चढउतार एकमेकांत जिरतात. पण पुंज कोसळण्याच्या काठावर आला की तेच चढउतार फुगतात, आणि एवढ्याशा हेलकाव्याने सगळ्याचा निकाल लागतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांत पाण्यातल्या कणांची ही थरथर 'ब्राउनियन गती' या नावाखाली येते. ब्राउनचा मान त्याला मिळायलाच हवा. पण थरथरणाऱ्या कणाला नाव हवं असेल तर ते आपल्या घरात आहे, आणि संस्कृतातलं असल्याने मराठी शाळेला चालेल तसं शेजारच्या कन्नड शाळेलाही चालेल. विज्ञानाच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती: दुधाचा एक थेंब भरपूर पाण्यात मिसळा, त्यातलं थेंबभर काचपट्टीवर घ्या, 400 पट दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि मुलांना रांगेने बघू द्या. स्निग्धाचे गोल कण जागच्या जागी थरथरताना दिसतील. त्यांना त्रसरेणू म्हणा.