गळ्यातला पट्टा आणि छातीवरचा साज

पॉम्पेई या नगरीच्या उत्खननात १८७४ साली, व्हेसोनियस प्रायमस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरात, एका कुत्र्याची आकृती हाती आली. हा सांगाडाही नव्हता आणि शिल्पही नव्हते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली जे जीव गाडले गेले, त्यांची शरीरे कालांतराने नष्ट झाली. घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराची पोकळी तेवढी उरली. तीत प्लास्टर ओतून मूळ आकार मिळवण्याची पद्धत ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी रूढ केली होती. त्या पद्धतीने मिळालेले हे कुत्रे पाठीवर पडलेले आहे. अंगाला पीळ बसला आहे, पाय आखडले आहेत आणि गळ्यात पट्टा आहे. ते साखळीला बांधलेले होते. राख व दगडगोट्यांचा थर चढत गेला तसतसे तेही वर चढत गेले आणि साखळी संपली तेथे त्याची वाट संपली, असे या आकृतीविषयी सांगितले जाते.

याच नगरीतील दुसऱ्या एका घराच्या प्रवेशाशी रंगीत खड्यांच्या जडावाचे एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यातही साखळीला बांधलेले कुत्रे आहे आणि खाली, कुत्र्यापासून सावध राहा, अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द आहेत. पहिले कुत्रे पाहिल्यानंतर या दुसऱ्या कुत्र्याकडे पूर्वीच्या कौतुकाने पाहता येत नाही. पट्टा आणि साखळी या वस्तू सुरक्षेसाठी असतात, हे दोन्हीकडे खरेच आहे. परंतु 'सुरक्षा' या शब्दामागे नेहमी एक षष्ठी उभी असते, आणि ती बहुधा अध्याहृत असते. सुरक्षा, पण कोणाची?

कुत्रे पाळणाऱ्यासमोर आज हाच प्रश्न अगदी साध्या, व्यावहारिक रूपात येतो. फिरायला नेताना दोरी गळ्यातल्या पट्ट्याला अडकवावी की छातीभोवती आणि पाठीवरून बसणाऱ्या हार्नेसला? (घोड्याच्या संदर्भात आपल्याकडे 'साज' हा शब्द आहे, कुत्र्याच्या बाबतीत मात्र सर्वत्र हार्नेसच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.) या प्रश्नाचे उत्तर लोक दुकानात शोधतात किंवा पशुवैद्याकडे. ते तेथे मिळतेही. परंतु या दोन वस्तूंना दोन निरनिराळे इतिहास आहेत, आणि ते डोळ्यांसमोर ठेवले तर मूळ प्रश्नच थोडा वेगळा दिसू लागतो.

पट्ट्याच्या इतिहासाचा आरंभ दास्यातच आहे असे समजण्याचे कारण नाही. इजिप्तमधील राजांच्या दरीत १८९९ साली व्हिक्टर लोरे यांना अठराव्या राजवंशाच्या काळातील माइहेरप्री नावाच्या एका मानकऱ्याची कबर सापडली. मृताच्या सोबतीला ठेवलेल्या वस्तूंत कुत्र्याचे दोन कातडी पट्टे होते. ते नक्षीचे, रंगवलेले आहेत आणि त्यांतील एकावर कुत्र्याचे नाव आहे. नाव धन्याचे नव्हे, खुद्द कुत्र्याचे. ज्याच्या गळ्यावर स्वतःचे नाव कोरलेले आहे, तो प्राणी निव्वळ मालमत्ता मानला गेला असेल असे म्हणवत नाही.

रोमन ग्रंथकार व्हारो याने इ.स.पूर्व ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीच्या घरात, शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात धनगरी कुत्र्याच्या पट्ट्याचे वर्णन आहे. जाड कातड्याचा पट्टा, त्यात बाहेरच्या बाजूने टोके काढलेले खिळे, आणि लोखंड गळ्याला टोचू नये म्हणून खिळ्यांच्या डोक्यांखाली शिवलेले मऊ कातडे. त्याने दिलेले कारण मार्मिक आहे. लांडगा कुत्र्याच्या गळ्यालाच तोंड घालतो. एकदा त्याला खिळा बोचला की ज्यांच्या गळ्यात पट्टा नाही तीही कुत्री त्याच्यापासून सुरक्षित होतात. येथे षष्ठीचे उत्तर स्वच्छ आहे. हा पट्टा कुत्र्याचा आहे, कुत्र्यासाठी आहे, आणि त्यातले ते आतले मऊ कातडे म्हणजे कारागिराने प्राण्याच्या बाजूने केलेला विचार आहे.

पट्ट्याला साखळी जोडली गेली, त्यावर धन्याचे नाव आले, आणि त्याचा अर्थ पालटला. रोममध्येच, उत्तरकालीन साम्राज्याच्या काळात, माणसांच्या गळ्यात लोखंडी कडी घातली जात. झोनिनस नावाच्या धन्याचे असे एक कडे आज रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याला लटकवलेल्या पत्र्यावरचा मजकूर गुलामाच्याच तोंडी घातलेला आहे: मी पळालो आहे, मला धरा, धन्याकडे परत आणाल तर सोन्याचे नाणे मिळेल. बोलणारा 'मी' गुलाम, आणि बोलवता धनी झोनिनस. साहित्याच्या अभ्यासकाला प्रथमपुरुषी निवेदनाचे याहून भयंकर उदाहरण सहसा सापडणार नाही.

लांडगा आणि कुत्रा यांची गोष्ट या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचून पाहावी. इसापाच्या नावावर चालत आलेली ही कथा लॅटिन पद्यात आणणारा फीड्रस हा, हस्तलिखितांतील उल्लेखानुसार, ऑगस्टसने मुक्त केलेला गुलाम होता. धष्टपुष्ट कुत्र्याच्या मानेवरचे केस झिजलेले पाहून उपाशी लांडगा कारण विचारतो आणि उत्तर ऐकून रानाकडे परततो. पुढे १६६८ साली ला फाँतेनने ती फ्रेंचमध्ये सांगितली. इसापनीतीमधून ती मराठी मुलांपर्यंतही आली. शाळेत आपण तिचे तात्पर्य 'स्वातंत्र्य श्रेष्ठ' असे एका ओळीत लिहून मोकळे होतो. परंतु कथेचा सारा भार एका शारीरिक तपशिलावर तोललेला आहे, तो म्हणजे झिजलेली मान. गळ्यावर सतत ओढ पडली की खूण उरते, हे ज्याने जवळून पाहिले असेल त्यालाच तो सुचला असावा.

अठराव्या शतकात अलेक्झांडर पोपने याच खेळाला हसरे रूप दिले. आपल्या कुत्रीचे एक पिल्लू त्याने राजपुत्र फ्रेडरिक यास भेट दिले आणि त्याच्या पट्ट्यावर कोरण्यासाठी दोन ओळी रचल्या. त्यांत ते कुत्रे आपला धनी कोण ते सांगते आणि वाचणाऱ्या दरबाऱ्यालाच त्याचा धनी विचारते. विनोद आहे, पण पट्टा म्हणजे कोणाचे तरी असणे, हा त्याचा आधार.

मराठीने तर हा सारा इतिहास एका शब्दात साठवला आहे. 'पट्टा' म्हणजे कातड्याची वा कापडाची पट्टी. पट्टा म्हणजे जमीन कसायला दिल्याचा लेख. पट्टा म्हणजे दांडपट्ट्यातले शस्त्र. आणि पट्टेवाला म्हणजे छातीवरून तिरका पट्टा व त्यावर पितळी बिल्ला मिरवणारा कचेरीतला शिपाई. मालकी, शस्त्र आणि अधिकार. पट्टेवाल्याचा पट्टा छातीवर आहे, गळ्यात नाही, हेही लक्षात घेण्याजोगे. छातीवरचा पट्टा हुद्दा सांगतो. गळ्यात पट्टा आहे असे आपण माणसाविषयी म्हणतो ते लाचारी दाखवण्यासाठी.

हार्नेसची वंशावळ वेगळी आहे. तो श्रमाच्या घरातून आला. अरबस्तानाच्या वायव्य भागातील शुवैमिस व जुब्बा येथील खडकांवर शिकारीची चित्रे कोरलेली आहेत. त्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ती आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीची असावीत, असा अंदाज आहे. त्यांतील काही कुत्र्यांच्या मानेपासून निघालेली रेषा शिकाऱ्याच्या कमरेपर्यंत जाते. दोरी गळ्याला बांधली तर प्राणी बरोबर ठेवता येतो. पण त्याच्याकडून ओझे ओढून घ्यायचे असेल तर ती गळ्याला बांधून भागत नाही, कारण ओढणाऱ्याचा श्वासच कोंडतो. म्हणून उत्तर ध्रुवाकडच्या लोकांनी घसरगाडीच्या कुत्र्यांसाठी छाती-खांद्यांवर भार घेणारे चामडी साज केले. बेल्जियममध्ये दुधाच्या गाड्या कुत्री ओढत, आणि १९१४ च्या युद्धात बेल्जियन सैन्याच्या मशीनगनही त्यांनी ओढल्या. इंग्लंडमध्ये मात्र कुत्र्यांच्या गाड्यांवर १८३९ साली लंडनपुरती आणि १८५४ च्या कायद्याने देशभर बंदी आली.

तेव्हा हार्नेस म्हणजे करुणा, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. अमुंडसेन १९११ च्या ऑक्टोबरात ५२ कुत्री जुंपून दक्षिण ध्रुवाकडे निघाला; जानेवारी १९१२ मध्ये तळावर परतली ती ११. बहुतेक ठरवून मारली गेली, माणसांच्या आणि उरलेल्या कुत्र्यांच्या अन्नासाठी. त्यांच्या अंगावरचा साज उत्तम होता. त्याने गळा वाचवला, जीव वाचवला नाही.

हार्नेसच्या इतिहासाला खरे वळण मिळाले ते पहिल्या महायुद्धात. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे मार्गदर्शक कुत्री तयार करणारी शाळा निघाली. पुढे डोरोथी यूस्टिस या अमेरिकन बाईंनी त्या प्रयोगाविषयी १९२७ साली लेख लिहिला. तो ऐकून मॉरिस फ्रँक हा अंध तरुण स्वित्झर्लंडला त्यांच्याकडे गेला आणि १९२८ मध्ये बडी नावाच्या कुत्रीसह परतून त्याने न्यू यॉर्कचा वाहता रस्ता ओलांडून दाखवला. १९२९ साली अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. या कुत्र्यांच्या हार्नेसला दोरी नसते, ताठ मूठ असते. दोरीतून माणसाची इच्छा कुत्र्यापर्यंत जाते. मुठीतून कुत्र्याच्या अंगाची हालचाल, थबकणे, वळणे माणसाच्या हाताला कळते. समोर धोका असेल तर आज्ञा न पाळण्याचेही शिक्षण या कुत्र्यांना दिलेले असते. हजारो वर्षे एकाच दिशेने चाललेला संवाद येथे उलट दिशेनेही वाहू लागला.

नेमक्या याच शतकात गळ्याचे शास्त्रही कडक होत होते. जर्मनीतील कोनराड मोस्ट याने पोलिसी कुत्र्यांच्या अनुभवावरून १९१० मध्ये शिक्षणपद्धती मांडली. अमेरिकेत विल्यम कोहलरचे पुस्तक १९६२ साली आले आणि आवळत जाणारी साखळी, तिचा हिसका, हा घरोघरचा पाठ झाला. त्यामागे क्रौर्यच होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. हाताबाहेर गेलेले कुत्रे गाडीखाली जाते किंवा कोणाला चावते, ही भीती खरीच होती. षष्ठी मात्र तेथे पुन्हा अध्याहृत झाली.

आता संशोधन काय सांगते ते पाहू. परंतु त्याआधी इतिहासाचा एक इशारा ध्यानात घ्यावा. लफेव्र दे नोएत या फ्रेंच अधिकाऱ्याने १९३१ साली असे प्रतिपादन केले की प्राचीन काळचा साज घोड्याचा गळा दाबत असे, म्हणून जड ओझे ओढवत नसे. हा सिद्धान्त कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत मिरवला. मग झां स्प्रुइत यांनी प्रत्यक्ष साज बनवले, घोडे जुंपून पाहिले आणि १९७७ मध्ये तो खोडून काढला. गळ्याविषयीची आपली कळवळ प्रामाणिक असली तरी मोजमापाला पर्याय नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत मोजमापे झाली आहेत. दोरीला ताण पडला असता गळ्यातल्या पट्ट्याने डोळ्यातील दाब वाढतो, हार्नेसने तसा वाढत नाही, असे २००६ च्या एका अभ्यासात दिसले. २०२० साली कृत्रिम मानेवर निरनिराळे पट्टे तपासले गेले. जोराची ओढ बसल्यावर इजेचा धोका टळेल इतका मवाळ त्यांतला एकही नव्हता. उलट बाजूही आहे. २०१९ च्या अभ्यासात हार्नेसमुळे खांद्याची हालचाल कमी होताना आढळली, आणि मोकळा समजला जाणारा प्रकार त्यात अधिक अडथळा करणारा ठरला. २०२१ मध्ये असेही दिसले की हार्नेस घातलेले कुत्रे अधिक जोराने ओढते. यात आश्चर्य कसले? तो साज मुळात ओढण्यासाठीच जन्माला आला होता.

म्हणजे निवाडा असा: ओढणारे कुत्रे, पिल्लू, पगसारखी चपट्या नाकाची जात, खोकला वा डोळ्याचा विकार असलेला प्राणी, यांच्या गळ्यावर ताण येऊ देऊ नये, दोरी छातीवरच्या, नीट मापाच्या हार्नेसला असावी. ग्रेहाउंडसारख्या जातीत मान डोक्याहून जाड असल्याने साधा पट्टा निसटतोही. तरीही पट्टा टाकून द्यायचे कारण नाही. हरवलेले कुत्रे घरी परत येण्यासाठी गळ्यातल्या पट्ट्यावर नाव आणि ठिकाण असणे आजही उपयोगी आहे. नाव गळ्यात, ओढ छातीवर, अशी ही विभागणी आहे. माइहेरप्रीच्या पट्ट्याने नावच सांगितले होते आणि व्हारोच्या पट्ट्यात मऊ कातडे होते. त्या दोन जुन्या कारागिरांना ती पटली असती, असे वाटते.

असो. पॉम्पेईच्या त्या कुत्र्याच्या अंगावर उत्तम हार्नेस असता, तरी ते वाचले नसते. गळा कदाचित आवळला नसता, एवढेच. त्याच्या साखळीचे दुसरे टोक घराला बांधलेले होते, कोणाच्या हातात नव्हते. आणि ज्या हातांनी ते सोडवायचे ते हात तेथे उरले नव्हते.