घरची लक्ष्मी आणि दारचा धनको

भिवंडीचा माग उधारीच्या सुतावर चालतो. धंदा बुडाला, की धनकोची नजर घरातल्या पैशावर जाते. मग पत्नीचे काय? याज्ञवल्क्यस्मृती सांगते, पतीचे ऋण पत्नीने फेडू नये; मात्र तिने स्वतः कबूल केलेले वा पतीसह काढलेले कर्ज तिला चुकत नाही.

१८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने, पतीने पत्नी-मुलांच्या लाभासाठी म्हणून उतरविलेला विमा धनकोंपासून दूर ठेवला. मुंबई इलाख्यातील हिंदु-मुसलमानांस हे संरक्षण १ एप्रिल १९२३ नंतरच्या विम्यांना लाभले. अट एकच : धनकोंना बुडविण्याचा हेतू नसावा.

बँकेतील संयुक्त खात्याला असे कवच नाही. पतीच्या हिश्शावर जप्ती येऊ शकते. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या वहीत पत्नीच्या पैशाचे पान वेगळेच असावे!