'ओके' म्हणजे नक्की काय? कामाच्या ठिकाणी संवाद कुठे अडतो, समजून घ्या

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅनेजरचा मेसेज येतो, "उद्या क्लायंटला प्रेझेंटेशन पाठवायचंय." खाली पाच जणांचे अंगठे. दुसऱ्या दिवशी दुपारी कळतं, पाठवलं कुणीच नाही. 'मी वाचलं', 'मला समजलं' आणि 'मी करतो' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगठ्यातून यातली नेमकी कोणती, ते कळत नाही.

एका 'ओके'ची किंमत

२७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा लॉस रोडिओस विमानतळ. दाट धुकं. केएलएमचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या एका टोकाला उभं होतं आणि पॅन ॲमचं दुसरं ७४७ त्याच धावपट्टीवरून पुढे सरकत होतं.

उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचं, एवढीच सूचना केएलएमला मिळाली होती. उड्डाणाची परवानगी अजून बाकी होती. सहवैमानिकाने सूचना परत वाचून दाखवली आणि शेवटी 'आम्ही आता टेकऑफला आहोत' अशा अर्थाचं वाक्य जोडलं. कंट्रोलरला वाटलं, विमान जागेवर उभं आहे. प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं. कंट्रोलर 'ओके' म्हणाला आणि क्षणभराने थांबायला सांगितलं. त्याच वेळी पॅन ॲमनेही रेडिओवर बोलायला सुरुवात केली. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले आणि केएलएमला स्पष्ट ऐकू आलं ते फक्त 'ओके'.

दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय का, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारली होती. अनुभवी कॅप्टनने ठामपणे 'हो' म्हटलं आणि विषय तिथेच संपला. टकरीत ५८३ जणांचा जीव गेला. धुकं, गर्दी, उशीर अशी इतर कारणंही होती, पण अर्धवट संवाद हे त्यातलं मोठं कारण ठरलं.

त्यानंतर काय बदललं?

'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असा नियम आला. महत्त्वाच्या सूचनेला नुसता होकार चालत नाही, ती परत बोलून दाखवावी लागते. कनिष्ठांनी शंका मोकळेपणाने मांडावी आणि वरिष्ठांनी ती ऐकून घ्यावी, याचंही प्रशिक्षण सुरू झालं. त्याला 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' म्हणतात.

आपल्या रेल्वेतही असाच विचार दिसतो. गाडी पुढे सोडण्याआधी स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर घेतात. तोंडी होकारावर भागत नाही म्हणून 'प्रायव्हेट नंबर' दिला जातो आणि तो लिहून ठेवला जातो.

ऑफिसात हे कसं वापरायचं?

नाव, काम, वेळ: "कुणीतरी बघा" असं लिहू नका. "स्नेहा, प्रेझेंटेशनची अंतिम फाइल उद्या सकाळी ११ पर्यंत क्लायंटला मेल कर," असं लिहा.

परत सांगा: स्नेहाचं उत्तर "ओके" नको. "उद्या ११ पर्यंत अंतिम फाइल मेल करते, जुने आकडे काढून टाकते," असं हवं. आकडे काढायचे नसतील, तर ते आत्ताच कळेल.

'बघतो' टाळा: बघतो, करून टाकू, लवकरात लवकर या शब्दांचा अर्थ प्रत्येकासाठी वेगळा असतो. जमणार नसेल तर कधी जमेल ते सांगा.

शंका दोनदा विचारा: पहिल्यांदा दुर्लक्ष झालं, तर कारणासह पुन्हा विचारा. "सर, जीएसटीचा आकडा मागच्या बिलाशी जुळत नाहीये. पाठवण्याआधी एकदा बघता का?" यात उद्धटपणा नाही.

साहेबांनी काय करावं?

"समजलं ना?" असं विचारलं की सगळे "हो सर" म्हणतात. त्याऐवजी "तू सुरुवात कुठून करणार आहेस?" असं विचारा. गैरसमज झाला असेल, तर उत्तरातच दिसेल. चूक लक्षात आणून देणाऱ्यावर सगळ्यांसमोर चिडलात, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल, आणि चूक तुम्हाला क्लायंटकडून कळेल.

प्रत्येक मेसेजला एवढा सोपस्कार लागत नाही. जेवायला कुठे जायचं, याला अंगठा पुरेसा आहे. पण पैसे, तारीख, सुरक्षितता किंवा बाहेर जाणारी फाइल असेल, तर एक वाक्य जास्त लिहायला दहा सेकंद लागतात. तेवढी द्या.