पाठीची माती आणि पंचाचा गुण : कुस्तीतील वेळ व गुणदानाच्या नियमांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

२०२५ या एकाच वर्षी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात 'महाराष्ट्र केसरी' किताबाच्या दोन स्पर्धा झाल्या. पहिली जानेवारीच्या अखेरीपासून २ फेब्रुवारीपर्यंत नगर शहरातील वाडिया पार्क येथे, तर दुसरी मार्चमध्ये कर्जत येथे. त्या दोन स्वतंत्र संघटनांनी भरविल्या. पहिलीत पृथ्वीराज मोहोळ व दुसरीत वेताळ शेळके विजयी झाले. संघटनांतील दुफळीविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. वाडिया पार्कच्या मैदानात निर्माण झालेले वाद मात्र त्याहून जुन्या प्रश्नाकडे लक्ष वेधतात. तो प्रश्न असा : मल्ल हरला, हे ठरविण्याचा पुरावा कोणता आणि तो कोणी पाहावयाचा?

निकाली कुस्ती

लाल मातीतील पारंपरिक कुस्तीला घड्याळ नव्हते आणि गुणही नव्हते. सलामी झाली, खडाखडी झाली, की एकाची पाठ जमिनीला टेकेपर्यंत लढत चाले. या पद्धतीचा मोठा गुण असा, की तिच्यात निकालाची खूण मल्लाच्या अंगावरच उमटे. 'पाठीला माती लागणे' हा मराठीतील वाक्प्रचार अलंकारिक होण्यापूर्वी अक्षरशः खरा होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरात उभारलेल्या खासबाग मैदानाची रचनाही याच दृष्टीने पाहता येते. आखाडा मध्यभागी व भोवती चढती बैठक असल्याने दूरच्या प्रेक्षकालाही कुस्ती दिसे. पंच निकाल जाहीर करी खरा, परंतु तो हजारोंच्या साक्षीने.

या पद्धतीचा दोष तितकाच मोठा होता. दोघेही तुल्यबळ असले, किंवा एकाने केवळ बचावच पत्करला, तर कुस्ती संपतच नसे. मग पंच ती 'बरोबरीत' सोडवीत. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडन येथे गामा पहिलवान व पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची लढत अडीच तासांहून अधिक चालून अनिर्णित राहिली. झिबिस्को बहुतेक काळ गादीला पोट चिकटवून पडून होता. या निष्क्रियतेला त्या काळी कोणतीही शिक्षा नव्हती. दोन वर्षांनी स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये मार्टिन क्लाइन व आल्फ्रेड आसिकाइनेन यांची ग्रीको-रोमन पद्धतीची उपान्त्य लढत ११ तास ४० मिनिटे चालली. क्लाइन जिंकला, पण अंतिम लढतीस उभा राहण्याचे त्राण त्याच्यात उरले नाही. वेळेवर मर्यादा घालणे अपरिहार्य झाले, ते अशा अनुभवांतून.

वेळेची मर्यादा आणि तिची किंमत

वेळ संपली आणि कोणीच चीत झाला नाही तर विजयी कोण, या प्रश्नातून गुणपद्धती जन्मली. तथापि आरंभी गुणांवरचा विजय दुय्यमच मानला जाई. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये दोषगुणांची पद्धत होती. चितपट विजयाला शून्य, गुणांवरच्या विजयाला एक व पराभवाला त्याहून अधिक दोषगुण मिळत. पाच दोषगुण झाले की मल्ल स्पर्धेबाहेर पडे. म्हणजे जिंकूनही निकाली न जिंकल्याचा दंड भरावा लागे. याच स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. जपानच्या शोहाची इशीशी दीर्घकाळ झुंजल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्हशी लढावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, परंतु त्याचा आग्रह धरणारा भारतीय अधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात सातत्याने नमूद केलेले आढळते. मातीत वाढलेल्या मल्लाला गादीबरोबरच नियमपुस्तिकाही परकी होती, हे यातून स्पष्ट होते.

१९६१ पासून भरणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेने हा संक्रमणकाळ स्वतःच्या रचनेतच सामावून घेतला. माती व गादी असे दोन विभाग, आणि दोन्हींच्या विजेत्यांत किताबाची लढत. आरंभीच्या तीन दशकांत काही वर्षी निकालच न लागल्याने किताब कोणालाच मिळाला नाही. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. त्या काळच्या शौकिनांना मात्र चीत न करता दिलेला किताब अधिक विचित्र वाटला असता.

पुढे आंतरराष्ट्रीय नियम वारंवार बदलले. २००५ ते २०१३ या काळात दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या होत्या व दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्ती वगळण्याची शिफारस करताच घाईघाईने सुधारणा झाल्या. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकत्रित गुण ही पद्धत आली व त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुस्तीचे स्थान टिकले. आता निष्क्रिय मल्लास ताकीद मिळते. त्यानंतरही तो लढत नसेल तर फ्रीस्टाइलमध्ये तीस सेकंदांची मुदत दिली जाते, आणि त्या अवधीत कोणीच गुण न मिळविल्यास प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो. झिबिस्कोच्या अडीच तासांना दिलेले हे उत्तर म्हणता येईल. मात्र कोण 'लढत नाही', हे पंचाच्या मतावरच ठरते.

वाडिया पार्कमधील दोन वाद

गुणांचे मोल ठरविणेही तितकेच नाजूक असते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागात महेंद्र गायकवाड यांना सिकंदर शेख यांच्याविरुद्ध 'बाहेरची टांग' या डावावर चार गुण मिळाले. शेख यांची पाठ धोक्याच्या स्थितीत आली होती काय, यावर चार की दोन हे अवलंबून होते, आणि त्यावर राज्यभर चर्चा झाली. आखाड्यात माती होती, पण पाठ किती अंशांत वळली याची नोंद माती ठेवीत नाही.

वाडिया पार्कमध्ये याहून अनपेक्षित गोष्ट घडली. गादीवरील लढतीत पंचांनी मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चीत केल्याचे जाहीर केले. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे होते. त्यांनी फेरतपासणी मागितली, ती मिळाली नाही, आणि संतापाच्या भरात त्यांनी पंचाला लाथ मारली. किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड यांनी गुणाच्या निर्णयावर आक्षेप घेत अवघे सोळा सेकंद शिल्लक असताना मैदान सोडले. दोघांवरही तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. पंचावर पाय उगारणे कोणत्याही नियमात समर्थनीय नाही. तरी वाद ज्या निर्णयावर झाला, तो दुर्लक्षिता येत नाही.

दुसरा वाद गुणपद्धतीचा, म्हणून अपेक्षित होता. पहिला वाद मात्र चितपटीवर झाला, म्हणजे ज्या निकालाला कधी शंकाच नसे अशा निकालावर. याचे कारण गादीत शोधावे लागते. गादीवर पाठीला काहीच लागत नाही. खांदे क्षणभर टेकले की नाही, हे दाखविणारी खूण उरत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनी ही उणीव जाणली आहे. तेथे चितपटीविरुद्ध प्रशिक्षकाला आव्हान देता येत नाही, पण त्याचे कारण ती जाहीर होताना मॅट-चेअरमनने तिची खातरजमा करणे आवश्यक असते. इतर काही गुणांबाबत प्रशिक्षक चित्रफितीचा आधार मागू शकतो, व आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. आव्हान नाकारण्याचा नियम आणि खातरजमेचा नियम ही एकाच तरतुदीची दोन अंगे आहेत. पहिले अंग मल्लाला ऐकू येते. दुसरे प्रेक्षागारातून दिसत नाही, आणि खासबागेत बसणाऱ्या शौकिनाला जे दिसत होते, ते येथे पडद्यावर दाखविल्याशिवाय कोणालाच दिसणार नाही.