सरळ केसांची 'गुलामी' आणि वॉकरबाई

चळवळीतल्या काही बांधवांना मुलींच्या केसांची फारच काळजी. टी.व्ही. सेंटरच्या एखाद्या पार्लरमधून केस सरळ करून आलेली कार्यकर्ती दिसली की शेरा ठरलेला, "ही बघा मानसिक गुलामी!" शहरातल्या वस्त्यांमध्ये मुलींसोबत काम करताना हा शेरा आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की इतिहासाच्या आधारे त्याचा समाचार घेणे भाग आहे.

केस हा क्षुल्लक विषय वाटत असेल तर बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा उघडावे. साताऱ्यात न्हावी होते, द्यायला पैसेही होते, तरी भावंडांचे केस थोरल्या बहिणीला कापावे लागत. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला न्हावी तयार नव्हता. दुसरे टोक जटांचे. विंचरण न झालेल्या केसांचा गुंता झाला की त्याला देवीचे बोलावणे ठरवायचे आणि गरीब बहुजन घरातली पोर यल्लम्माला सोडायची, ही रीत महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर पिढ्यान् पिढ्या चालली. एका डोक्याला कात्री मिळू द्यायची नाही, दुसऱ्याला फणी. म्हणून कुरळ्या, राठ केसांच्या मुलीला आजही कुणी "काय त्या जटा!" म्हणते, तेव्हा तो नुसता रूपावरचा शेरा नसतो.

आता नागसेनवनाकडे येऊ. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात, अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेडे यांनी १९६०च्या दशकात आपल्या लेखकांना कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे वळवले. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने ती चर्चा पुढे नेली. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. या देवाणघेवाणीत आपण कविता घेतली, वळलेली मूठ घेतली. काळ्या बायकांचा केसांशी चाललेला झगडा मात्र तिकडेच राहिला. घेणारे बहुतेक पुरुष होते, हे कारण असावे.

तो झगडा समजायचा तर सारा ब्रीडलव्ह, म्हणजेच मॅडम सी. जे. वॉकर यांच्यापासून सुरुवात करावी लागते. जन्म १८६७, लुईझियाना. आईवडील गुलामीतून नुकतेच सुटलेले. घरातले स्वतंत्र जन्मलेले पहिले मूल ते हेच. सातव्या वर्षी पोरक्या, चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी विधवा. पुढे सेंट लुईसमध्ये लोकांची धुणी धुऊन त्यांनी मुलीला वाढवले. घरात नळ नाही, डोके धुणे कधीतरी, टाळूला आजार. केस झडू लागले. त्यातून त्यांनी टाळूचे मलम विकायला घेतले आणि १९१० मध्ये इंडियानापोलिसला कारखाना उभारला. तापवलेल्या फणीचा शोध त्यांच्या नावावर सर्रास खपवला जातो, तो चुकीचा आहे. फणी त्यांच्या आधीपासून होती. त्यांचा भर टाळू वरचेवर धुण्यावर आणि केस वाढवण्यावर होता. महत्त्वाचे म्हणजे हजारो काळ्या बायका त्यांच्या एजंट झाल्या, धुणीभांडी सोडून स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिल्या. १९१७ साली झुंडींकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध व्हाइट हाउसपर्यंत गेलेल्या शिष्टमंडळात वॉकरबाई होत्या. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकत होते; त्याला लागूनच असलेल्या हार्लेममध्ये वॉकरबाईंच्या मुलीने याच सुमारास केशभूषेचे दालन थाटले होते.

बांधव म्हणतील, माल्कम एक्स यांचे काय? बरोबर. तरुणपणी त्यांनी कॉस्टिक घातलेल्या लेपाने केस सरळ केले, टाळू भाजली, आणि आत्मचरित्रात त्याला स्वतःचा अपमान म्हटले. पण त्यांनी आधी आपले डोके भाजून घेतले होते, मग टीका केली. इथे टीका करणाऱ्याला काउंटरवर उभे राहून नोकरी टिकवायची नसते. तिथे 'नीटनेटके केस' म्हणजे सरळ केस, हे मुलीला कुणी लेखी देत नाही, पण तिला कळते. कॅलिफोर्नियाने २०१९ साली नैसर्गिक केसांवरून भेदभाव करायला कायद्यानेच बंदी घातली, ती उगाच नाही. शेरा मारायचाच तर तो अशा मालकाला मारावा.

आणि ज्यांनी केस सरळ केलेच आहेत, त्यांचे केस तुटू नयेत हीसुद्धा आपलीच काळजी आहे. कुरळ्या केसाला टाळूचे नैसर्गिक तेल टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तो मुळातच कोरडा. स्ट्रेटनरने केसातले हलके बंध तात्पुरते सुटतात. पाणी लागले की वळण परत येते. रिबॉन्डिंगमध्ये रसायनाने पक्के बंधच तोडतात, ते वळण परतत नाही. ओल्या केसावर स्ट्रेटनर फिरवला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो. म्हणून केस पूर्ण वाळलेले हवेत, उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे आधी लावावा, तापमान १८० अंशांच्या आत ठेवावे आणि एका बटेवरून एकदाच फिरवावे.

तेल म्हणजे ओलावा नव्हे, ही गल्लत घरोघरी आहे. ओलावा पाण्याचा, तेल तो धरून ठेवते. धुतल्यावर दमट केसांना कंडिशनर किंवा लीव्ह-इन, त्यावर तेलाचे दोन थेंब, असा क्रम. खोबरेल मात्र धुण्याआधी लावावे: २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी दाखवले की त्याने केसातले प्रथिन कमी झिजते. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगून ठेवतो.) आपल्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते, तोवर बोअरचे जड पाणी, त्यातले क्षार केसांवर बसून ते चरबट होतात. शेवटचा तांब्या तरी नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा घ्यावा. झोपताना आईच्या जुन्या मऊ रेशमी साडीचा तुकडा बांधला तर उशीशी घासून केस तुटत नाहीत. काळ्या बायका सॅटिनची टोपी घालतात ती यासाठीच. फाटे फुटलेले टोक कोणतेही सिरम सांधत नाही, ते कापावेच लागते.

'केराटिन' करायला बसण्यापूर्वी डबा मागून वाचावा. काही लेपांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. खिडकी उघडायला सांगावी. आपण दोन-तीन तासांत उठून जातो; लेप लावणारी पोर, बहुतेकदा आपल्याच वस्तीतली, तिथे दिवसभर उभी असते.