चाकातली हवा

आमच्या घरच्या सेदानला कंपनीने १५ इंची चाकं दिली होती. टायरवर लिहिलेलं: १८५/६५ आर १५. मला ती चाकं कायम बारीक वाटायची, धिप्पाड माणसाने लहान मुलाच्या चपला घालाव्यात तशी! शेवटी एका शनिवारी बोनसचे पैसे घालून १७ इंची अलॉय बसवून आणली. टायर २०५/४५ आर १७. दुकानदार त्यांना अजूनही 'मॅगव्हील'च म्हणतो. गाडी एकदम देखणी दिसायला लागली. बाबा एक चक्कर मारून आले आणि एवढंच म्हणाले, "छान आहे. जरा कडक झाली का रे?"

झालं! त्यांना चूक ठरवायला मी लगेच कागद-पेन घेऊन बसलो. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या किती टक्के ती. आणि शेवटचा रिमचा व्यास, तो मात्र इंचात. जुन्या चाकाचा पूर्ण व्यास आला ६२१.५ मिमी, नव्याचा ६१६.३. फरक एक टक्कासुद्धा नाही. म्हणजे स्पीडोमीटर खूश, मीही खूश.

पण मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत? आमच्या टीममध्ये कोणी असा कोड लिहिला असता तर रिव्ह्यूमध्येच परत आला असता. हे झालं कसं, म्हणून इतिहास खणायला घेतला.

सुरुवात हवेपासून होते. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश इंजिनियरने १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. पण तेव्हा रस्त्यावर होत्या फक्त घोडागाड्या, त्यामुळे कल्पना विसरली गेली. पुढे १८८८ च्या सुमारास बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने तीच गोष्ट नव्याने शोधली. कारण घरगुती होतं. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर दणके खायची. त्याने रबरी नळीत हवा भरून ती चाकांवर चढवली.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या मोटारींची चाकं मोठीच होती. फोर्डच्या मॉडेल टीचा टायर ३० इंच व्यासाचा, पण अरुंद आणि टणक. १९२० च्या दशकात कमी दाबाचे गुबगुबीत 'बलून' टायर आले. टायरमध्ये हवा वाढली, रिम लहान होत गेली. १९५९ ची मिनी तर १० इंची रिमवर धावली. आपल्याकडे अँबॅसेडर १५ इंचांवर, प्रीमियर पद्मिनी १४ वर आणि मारुती ८०० बरीच वर्षं १२ वर!

पद्मिनीच्या टायरवर असायचं ५.२०-१४. दोन्ही आकडे इंचात. उंचीचा आकडाच नाही, कारण ती साधारण रुंदीइतकीच धरलेली. मिलिमीटर आले फ्रान्समधून. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं ('आर' तो हाच). फ्रेंच मंडळींची रिमसुद्धा मिलिमीटरमध्ये असे. सित्रोएन डीएसचा टायर होता १६५-४००. पण बाकीच्या जगाच्या रिमा इंचातल्या, त्यामुळे तडजोड झाली. १९७५ मध्ये मिशेलिनने टीआरएक्स नावाने मिलिमीटरची रिम पुन्हा आणली. तिच्यावर दुसरे टायर बसत नव्हते, आणि ती मागे पडली. जुना कोड कधी मरत नाही, तो असा!

उरले टक्के. ते शर्यतीतून आले. भिंत बुटकी असली की वळणावर टायर कमी लचकतो, आणि मोठ्या रिमच्या आत मोठी ब्रेक डिस्क मावते. १९७० च्या दशकात पिरेलीचे पी-७ सारखे टायर रस्त्यावर आले ते याच हिशेबाने. मॅगव्हीलमधलं 'मॅग'सुद्धा शर्यतीच्या गाड्यांच्या मॅग्नेशियमच्या चाकांवरून आलंय. त्याआधी १९२४ मध्ये बुगाटीच्या टाइप ३५ चं अ‍ॅल्युमिनियमचं चाक ब्रेकच्या ड्रमसकट एकसंध ओतलेलं होतं. प्रत्येकाकडे काहीतरी कारण होतं. माझ्या १७ इंची रिमच्या आत ब्रेक मात्र तेच जुने, मोकळ्या जागेत अजूनच केविलवाणे दिसणारे.

आणि मग लक्षात आलं की आपण व्यास मोजला, भिंत मोजलीच नाही. जुनी भिंत १२० मिमी, नवी ९२. रस्ता आणि बाबा यांच्या मधली २८ मिमी हवा मी काढून घेतली होती.

तरी महिनाभर चाकं तशीच ठेवली, खोटं कशाला बोलू? मग गावी जाताना एका खड्ड्यात पुढची रिम वाकली आणि टायरला हा एवढा फुगा आला. स्टेपनी काढायला डिकी उघडली तर आत कमरेची उशी. बाबा ती महिनाभर पाठीमागे घेऊन गाडी चालवत होते, मी बरोबर असलो की डिकीत ठेवत होते.

डनलॉपने मुलासाठी चाकात हवा भरली, आणि इथे मुलानेच...

असो. गॅलरीत ठेवलेली जुनी चाकं पुढच्याच रविवारी परत बसवली. बाबा चक्कर मारून आले. म्हणाले, "आता बरी चालतेय." आणि किल्ली खुंटीला अडकवता अडकवता, "पण ती दिसायची छान, हां!"