हळदीचं पान

आमच्या वांद्र्याच्या घरात गॅलरी म्हणजे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. त्यात तुळस, गवती चहा आणि एका फुटक्या बादलीत हळद. बाजारातून आणलेलं ओलं हळकुंड खोचलं होतं. श्रावणात त्याला हातभर पानं येतात आणि नुसता हात लागला तरी वास सुटतो.

नागपंचमीला मी पातोळ्या करते. भिजवून वाटलेल्या तांदळाचं सरसरीत पीठ पानावर पसरायचं, गूळखोबऱ्याचं सारण घालायचं, पान शिरेवर दुमडून वाफवायचं. पान खायचं नाही, पण त्याच्या वासाशिवाय पातोळी नाही. मग १५ ऑगस्टच्या आधी खालच्या मजल्यावरच्या गोव्याच्या बाई हाक मारतात, "टीचर, पानां आसात?" मारियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला त्याही हेच करतात. माझी नागपंचमी, त्यांचं फेस्त, बादली एकच!

आमच्या लहानपणी हळद म्हणजे घरचा दवाखाना. खरचटलं की हळद दाबायची, घसा धरला की हळद घालून गरम दूध, मुका मार लागला की आंबेहळदीचा लेप. आईच्या लेपात आणखी दोन-तीन जिन्नस असत.

आता शाळेतली गोष्ट. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. तेव्हा संस्थेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ते दावे फेटाळले. मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आपल्या आज्या जिंकल्या!"

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, आजीला विचारलं होतं का त्यांनी?"

मी गप्प झाले. कारण आजीला कुणी विचारलं नव्हतंच. पेटंट मिळायला गोष्ट नवी असावी लागते. ती नवी नाही हे दाखवायला सीएसआयआरने पुढे ठेवले ते जुने ग्रंथ आणि छापील लेख. त्यात १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेखही होता. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशात नुसतं वापरात असलेलं ज्ञान पुरावा धरत नसत, छापलेलं असेल तरच धरत. घराघरातल्या पिढ्यांचा अनुभव एका बाजूला आणि छापील पान दुसऱ्या बाजूला! हे लक्षात आल्यावरच पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह करण्याचं काम सरकारने हाती घेतलं.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा मुलांना चुकीची सांगितली, ती आता दुरुस्त करते. पेटंट रद्द झालं म्हणजे हळदीने जखम भरते हे सिद्ध झालं, असं नाही. हा उपयोग जुना आहे, एवढंच सिद्ध झालं. जुनं आणि खरं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आज नातवाचा गुडघा फुटला तर मी आधी वाहत्या पाण्याने धुते, आणि जखम खोल असेल तर डॉक्टरांकडे नेते. बाजारच्या हळदीत रंगासाठी काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नाही. स्वयंपाकात मात्र हळदीशिवाय माझी आमटी होत नाही.

पण त्या मुलीचा प्रश्न काही जात नाही. आईच्या लेपातले ते दोन-तीन जिन्नस कोणते, मला आठवत नाहीत. मी इतिहासाची शिक्षिका, सनावळ्या तोंडपाठ, आणि घरातला हा कागद मात्र कोराच राहिला. तिला विचारायला कितीतरी संध्याकाळी होत्या...

असो. या वर्षी एक दोनशे पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर माझ्या पातोळ्या लिहिल्या. दुसरं पान खालच्या बाईंसाठी ठेवलंय. पानं न्यायला आल्या की त्यांच्या पद्धतीने, त्यांच्याच शब्दांत लिहून घेणार आहे.

तुमच्याही घरी कुणी थोरलं माणूस असेल. आजच विचारा.